काजव्याची साक्ष

आमच्या कुही तालुक्यात सिकलसेल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शाळेत तपासणीचे शिबिर लागते. मुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतात, नळीतल्या द्रावणात टाकतात आणि काही मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर चिंता नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर मुलाचे नाव वेगळ्या यादीत जाते. मात्र त्या गढूळपणावरून मूल नुसते वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. मुलाचे रक्त फारच फिके असेल तर दोष असूनही द्रावण नितळ राहू शकते. रक्तात चरबी जास्त असेल तर दोष नसूनही ते गढूळ दिसू शकते. म्हणून नमुना इलेक्ट्रोफोरेसिससाठी पुढे पाठवतात, आणि तो अहवाल येईपर्यंत आपण पालकांना एवढेच सांगतो की अजून काही ठरलेले नाही.

अशाच एका शिबिरानंतर बारावीतील एका विद्यार्थिनीने वर्तमानपत्राचे कात्रण आणून दाखवले. काजव्याचे जनुक माणसाच्या पेशीत घालून, पेशी चमकल्या की औषध लागू पडले असे ओळखतात, असा त्याचा आशय होता. तिने विचारले, "सर, गढूळ नळीवर आपण पुरता विश्वास ठेवत नाही, मग चमकणाऱ्या थाळीवर काऊन ठेवायचा?"

प्रश्न बिनतोड होता. त्या दिवशी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचले आणि वर्गात करून पाहिले, ते येथे मांडतो. ल्युसिफरेज वापरून जनुकाचे काम मोजण्याची पद्धत सुंदर आहे, याविषयी माझे दुमत नाही. माझी तक्रार आहे ती 'पेशी चमकली, म्हणजे जनुक जागे झाले' या वाक्याबद्दल. हे वाक्य वर्तमानपत्रात येते, विज्ञानकथनाच्या पुस्तकांत येते आणि कधी कधी शोधनिबंधाच्या सारांशातही थोड्या सभ्य शब्दांत येते.

आधी पद्धत समजून घेऊ. मृगाच्या सुमारास नाल्याकाठच्या झुडपांवर दिसणारा काजवा ज्या रसायनांनी उजळतो, त्यांची पहिली ओळख फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युब्वा यांनी १८८० च्या दशकात करून दिली. प्रकाशणाऱ्या प्राण्याचा थंड पाण्यातील अर्क काही वेळ चमकतो आणि विझतो. उकळत्या पाण्यातील अर्क मुळीच चमकत नाही. पण विझलेला थंड अर्क आणि न चमकणारा गरम अर्क एकत्र केले की पुन्हा प्रकाश पडतो! याचा अर्थ उष्णतेने बिघडणारा एक पदार्थ आणि उष्णता सोसणारा दुसरा पदार्थ, असे दोन भागीदार या कामात आहेत. पहिल्याला ल्युसिफरेज आणि दुसऱ्याला ल्युसिफेरिन ही नावे मिळाली. ल्युसिफरेज हे विकर आहे, ल्युसिफेरिन हे त्याचे इंधन. विकरांचा पाठ शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

तिसरा भागीदार १९४७ मध्ये सापडला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम मॅकएलरॉय यांनी दाखवले की काजव्याच्या प्रकाशासाठी एटीपी लागते, म्हणजे तुमच्या-आमच्या पेशींत ऊर्जेचे चलन म्हणून फिरणारा तोच रेणू. संशोधनाला काजवे हवेत म्हणून ते गावातल्या मुलांना शंभर काजव्यांमागे २५ सेंट देत असत. ही कथा मुलांना फार आवडते. किडे वेचण्याची ही गरज पुढे संपली, कारण १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी काजव्याच्या ल्युसिफरेजचा डीएनए वेगळा करून जिवाणूत चालवून दाखवला. १९८६ मध्ये ते जनुक तंबाखूच्या रोपात गेले आणि १९८७ मध्ये सस्तन प्राण्यांच्या संवर्धित पेशींत. प्रकाशणाऱ्या तंबाखूचे ते चित्र अनेक पुस्तकांत आहे. ते पाहून विद्यार्थ्यांना वाटते की रोप दिव्यासारखे पेटले असेल. तसे काही नव्हते. रोपाला ल्युसिफेरिन पाजून, फिल्म बराच वेळ उघडी ठेवून ते चित्र मिळवलेले होते. चित्राखाली एवढे लिहिले असते तरी पुष्कळ गैरसमज टळले असते.

आता संवर्धित पेशींतील प्रयोग. आपल्या राज्यात पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरातील प्रयोगशाळांना अशा पेशींचे वाण पुरवते. पेशी ३७ अंश सेल्सियसला, पोषकद्रव्यात, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण राखलेल्या कपाटात वाढवतात. प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक भाग असतो. जनुक केव्हा व किती चालवायचे हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्याला प्रमोटर म्हणतात. ज्या जनुकाविषयी कुतूहल आहे त्याचा प्रमोटर घ्यायचा, त्याच्यापुढे मूळ जनुकाऐवजी ल्युसिफरेजचे जनुक जोडायचे आणि ही जोडणी प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यावर बसवून पेशींत सोडायची. मग पेशींवर औषध घालायचे, एक-दोन दिवस थांबायचे, पेशी फोडायच्या, त्यांत ल्युसिफेरिन व एटीपी भरपूर ओतायचे आणि प्रकाश मोजायचा. काजव्याचे हे जनुक म्हणजे प्रमोटरकडे पाठवलेला वार्ताहर. प्राण्यांच्या पेशी स्वतः प्रकाशत नाहीत, त्यामुळे मागे गोंगाट जवळजवळ नसतो आणि वार्ताहराचा बारीक आवाजही ऐकू येतो. याआधी १९८२ पासून वापरात असलेल्या पद्धतीत क्लोरॅम्फेनिकॉलवर काम करणारे जिवाणूचे विकर वार्ताहर असे. त्यासाठी किरणोत्सर्गी पदार्थ हाताळावे लागत आणि मोजणीला फार वेळ लागे. तिच्या तुलनेत ९६ खळग्यांची थाळी यंत्रात सरकवून काही मिनिटांत आकडे हाती येणे हे वरदानच होते.

आकडे हाती येतात ते कशाचे? यंत्र फक्त प्रकाश मोजते. प्रमोटरपासून प्रकाशापर्यंतचा रस्ता लांब आहे. प्रमोटरने जनुक चालवले, त्याची आरएनए प्रत निघाली, ती किती काळ टिकली, रायबोसोमने तिच्यापासून प्रथिन किती बनवले, ते प्रथिन नीट घडी पडून उभे राहिले का, पेशीने ते किती वेगाने मोडले आणि शेवटी मोजणीच्या वेळी ते किती जोमाने चालले, या सर्वांचा गुणाकार आपल्याला दिसतो. औषध यांपैकी कोठेही बोट घालू शकते. आपण मात्र सगळे श्रेय पहिल्या पायरीला देऊन मोकळे होतो.

या अडचणीवर एक उपाय रूढ आहे. समुद्रातील रेनिला नावाच्या प्राण्याचे ल्युसिफरेज वेगळ्या इंधनावर चालते आणि निळसर प्रकाश देते. त्याचे जनुक १९९१ मध्ये हाती आले. काजव्याचे ल्युसिफरेज तपासायच्या प्रमोटरला जोडायचे, रेनिलाचे एखाद्या 'नेहमी सारखे चालणाऱ्या' प्रमोटरला, आणि दोघांचा भागाकार करायचा. एखाद्या खळग्यात पेशी कमी असतील किंवा प्लास्मिड कमी शिरले असेल, तर दोन्ही आकडे सारखेच खाली येतील व भागाकार स्थिर राहील, अशी ही कल्पना.

कल्पना चांगली आहे. पण मुलांना हे गणित घालून पाहा (आकडे माझे, समजण्यापुरते). औषधाआधी काजवा ६०,००० आणि रेनिला २०,०००, भागाकार ३. औषधानंतर काजवा ६०,००० आणि रेनिला १०,०००, भागाकार ६. निबंधात लिहिले जाईल, 'प्रमोटरचे कार्य दुप्पट झाले.' पण काजव्याचा आकडा तर जागचा हललाच नाही! एक शक्यता अशी की औषधाने निम्म्या पेशी मेल्या आणि उरलेल्यांत प्रमोटर खरोखरच दुप्पट चालला. दुसरी अशी की पेशी ठणठणीत आहेत, आपला प्रमोटर होता तसाच आहे आणि औषधाने रेनिलाच्या 'नेहमी सारख्या' प्रमोटरलाच अर्धे केले. भागाकाराला हा भेद कळत नाही. पुष्कळ निबंधांतील आलेखांत केवळ भागाकार छापलेला असतो, मूळचे दोन आकडे नसतात. माझ्या मते ही या पद्धतीच्या लेखनातील सर्वांत वाईट सवय आहे, आणि ती सुधारायला काही खर्चही येत नाही.

येथवरच्या शंका नेहमीच्या आहेत. पण वार्ताहराच्या एका बातमीवरून वाद उभा राहिला आणि तो आजारी मुलांपर्यंत जाऊन पोचला, अशी एक हकिकत घडून गेली आहे. ती जरा सविस्तर सांगतो.

ड्युशेन नावाचा स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे. तो मुख्यतः मुलग्यांना होतो. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत एकाला. चालता-धावता येणारा मुलगा शाळेच्या वयात पडू लागतो आणि पुढे चाकाच्या खुर्चीला खिळतो. यांपैकी सुमारे १० ते १५ टक्के मुलांत दोष असा असतो की जनुकाच्या मजकुरात मध्येच एक थांबा-संकेत आलेला असतो. वाक्य पुरे व्हायच्या आधीच पूर्णविराम पडावा तसे. रायबोसोम तेथे थांबतो आणि स्नायूचे प्रथिन अर्धवट राहते. एखादे औषध रायबोसोमला त्या खोट्या पूर्णविरामावरून पुढे ढकलू शकले, तर? प्रश्न योग्यच होता.

असे औषध शोधायला ल्युसिफरेज वापरले गेले. काजव्याच्या जनुकात मुद्दाम मध्येच थांबा-संकेत घातला आणि ते एचईके-२९३ या मानवी पेशींत ठेवले. थांबा पार झाला तर पूर्ण ल्युसिफरेज बनेल व पेशी चमकेल. सुमारे आठ लाख रसायने अशी चाळली गेली. त्या चाळणीतून आणि पुढील सुधारणांतून पीटीसी-१२४ हे रसायन निघाले. त्याला पुढे अटाल्युरेन हे नाव मिळाले. २००७ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. त्यात ड्युशेनसारखा दोष असलेल्या उंदरांच्या स्नायूंवरील निरीक्षणेही होती. आशा वाटावी असेच ते काम होते.

दोन वर्षांनी, २००९ मध्ये, डग्लस ऑल्ड, जेम्स इंग्लिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हे रसायन वेगळ्या बाजूने तपासले. त्यांनी थांबा-संकेत काजव्याच्या जनुकाऐवजी रेनिलाच्या जनुकात घालून पाहिला. थांबा तोच, रायबोसोम तेच, औषध तेच; फक्त साक्षीदार बदलला. प्रकाश वाढला नाही. आणि दुसरी गोष्ट आढळली ती आणखी चकित करणारी. पीटीसी-१२४ हे काजव्याच्या ल्युसिफरेजचे निरोधक निघाले, म्हणजे त्या विकराला थेट जखडणारे!

येथे वाचक अडेल. जे रसायन विकराला अडवते त्याने प्रकाश कमी व्हायला हवा, वाढेल कसा? वर्गात मी कोठीचे उदाहरण देतो. घरच्या कोठीत रोज पायलीभर धान्य पडते आणि जवळजवळ तेवढेच उंदीर खातात, म्हणून पातळी स्थिर. कोणी कोठीला खालून पत्रा ठोकला, उंदीर थांबले, पातळी चढू लागली. ती पाहून शेतात पीक वाढले असे कोणी म्हणेल का? काजव्याचे ल्युसिफरेज पेशीत काही तासांतच मोडून जाणारे प्रथिन आहे. थांबा-संकेत असला तरी रायबोसोम क्वचित तो चुकून ओलांडतोच, त्यामुळे थोडे पूर्ण विकर सतत बनत असते आणि मोडत असते. पीटीसी-१२४ त्या विकराच्या खोबणीत जाऊन बसते. २०१० च्या निबंधात असेही दिसले की विकर स्वतःच त्याला एटीपीचा तुकडा जोडून अधिक घट्ट चिकटणारा रेणू बनवते. खोबणी भरलेले विकर पेशीला सहज मोडता येत नाही. ते साचत जाते. मोजणीच्या वेळी आपण पेशी फोडून इंधनाचा पूर सोडतो, निरोधक बाजूला ढकलला जातो आणि साचलेले सारे विकर एकदम प्रकाशते. बनण्याचा वेग तोच, मोडणे थांबले, आकडा वाढला.

हे फळ्यावर काढून दाखवले तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, औषधानं पेशी नाही, मापच बदलवलं म्हणा ना!" शोधनिबंधाच्या सारांशात यापेक्षा नेमके वाक्य मला सापडले नाही.

आता न्यायाची बाजूही मांडली पाहिजे. औषध शोधणाऱ्यांचे म्हणणे असे होते की आमचा पुरावा केवळ ल्युसिफरेजचा नाही, उंदरांचे स्नायूही आहेत. २०१३ मध्ये स्कॉटलंडमधील संशोधकांनी अनेक वेगवेगळ्या वार्ताहरांवर तपासून थांबा ओलांडला जात नसल्याचे लिहिले. २०१६ मध्ये दुसऱ्या गटाने, तयार झालेल्या प्रथिनाचा क्रम वाचून, थांब्याच्या जागी अमिनो आम्ले बसत असल्याचे दाखवले. म्हणजे ते रसायन निखालस निकामी असल्याचा निकाल प्रयोगशाळेने दिला, असे म्हणणे चुकीचे होईल. रुग्णांवरील चाचण्या मात्र बोलक्या आहेत. १७४ रुग्णांच्या ४८ आठवड्यांच्या चाचणीत, सहा मिनिटांत किती चालता येते ही आधी ठरवलेली मुख्य कसोटी पार झाली नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही मुख्य कसोटीवरचा फरक पुरेसा भरला नाही. मधल्या काळात, २०१४ मध्ये, युरोपात औषधाला सशर्त परवानगी मिळाली होती. २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ती पुढे चालू ठेवली नाही. ज्यांची मुले ही औषधाची पुडी रोज घेत होती त्या आई-वडिलांच्या दृष्टीने या अकरा वर्षांचा हिशेब कसा मांडायचा, हे मला सांगता येत नाही. पण २००७ च्या आधी एका दुपारी थांबा-संकेत रेनिलाच्या जनुकात घालून पाहिला गेला असता, तर वाद कितीतरी लवकर व स्वस्तात सुरू झाला असता. ते प्लास्मिड तेव्हा बाजारात मिळत होते.

हा एखादाच अपघात असता तर मी इतका वेळ घेतला नसता. २०१२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या साठ्यातील ३,६०,८६४ रसायनांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतील १२ टक्के काजव्याच्या ल्युसिफरेजला अडवणारी निघाली. आठांत जवळपास एक! द्राक्षांतील रेस्व्हेराट्रॉल हा बहुचर्चित पदार्थही यात बसतो, ते २००६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तेव्हा 'अमुक वनस्पतीच्या अर्काने अमुक जनुक दबते' अशी बातमी ल्युसिफरेजच्या एकाच प्रयोगावर उभी असेल, तर वाचकाने पहिला प्रश्न हाच विचारावा की अर्काने जनुक दाबले की दिवा विझवला.

आता सिकलसेलकडे वळू, कारण आमच्या मुलांना ड्युशेनपेक्षा तो जवळचा. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोलंकी यांची नोंद 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली आली, तेव्हापासून विदर्भ या आजाराच्या नकाशावर आहे. थांबा ओलांडणारे औषध येथे चालेल का, असे मुले विचारतात. नाही. सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या सहाव्या संकेतातील एक अक्षर बदलून ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. वाक्य पुरे होते, एक शब्द चुकीचा पडतो. (बीटा थॅलेसेमियाच्या, भारतात आढळणाऱ्या, काही प्रकारांत मात्र पंधराव्या संकेताच्या जागी थांबा आलेला असतो.) सिकलसेलमध्ये आशा वेगळी आहे. गर्भावस्थेत चालणारे गॅमा ग्लोबिनचे जनुक जन्मानंतर मंदावते. ते पुन्हा थोडे चालते केले तर गर्भाचे हिमोग्लोबिन वाढून त्रास कमी होतो. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीचा उपयोग बऱ्याच अंशी याच मार्गाने होतो.

गॅमा जनुकाला जागे करणारी आणखी रसायने शोधायला २००० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी केलेली रचना मला या साऱ्या पद्धतीतील उत्तम नमुना वाटते. त्यांनी गॅमाच्या प्रमोटरला काजव्याचे ल्युसिफरेज जोडले आणि बीटाच्या प्रमोटरला रेनिलाचे. दुसरा वार्ताहर येथे नुसता भागाकारापुरता उभा केलेला नाही, त्याला स्वतःची बातमी आहे. जे रसायन दोघांनाही वाढवील ते सरसकट उत्तेजक म्हणून बाजूला पडेल, जे गॅमाला तेवढे वाढवील ते पुढे जाईल. प्रश्न आधी आणि दिवा मागून, असा क्रम येथे दिसतो.

तरीही एक मर्यादा उरते. भारतातील सिकलसेल रुग्णांत गॅमा जनुकाच्या आरंभापूर्वी १५८ व्या जागी 'सी'ऐवजी 'टी' हे अक्षर वारंवार आढळते आणि त्यांच्यात गर्भाचे हिमोग्लोबिन तुलनेने जास्त असते. पण या अक्षराचा परिणाम मुख्यतः रक्तनिर्मितीवर ताण आला की दिसतो. निरोगी माणसात तो फारसा जाणवत नाही. थाळीतल्या पेशीला कसला आला आहे असा ताण! शिवाय ग्लोबिन जनुकांवर हुकमत चालवणारा डीएनएचा भाग त्यांच्यापासून हजारो अक्षरे दूर आहे आणि पेशीत तो गुंडाळ्या-घड्यांतून त्यांच्याजवळ येतो. प्लास्मिडच्या लहानशा कड्यावर ही भूगोलविद्या नसते. म्हणून तेथला प्रमोटर नांदत्या घरातून काढून भाड्याच्या खोलीत ठेवलेल्या माणसासारखा वागतो. त्याच्या वागण्यावरून घराचा कारभार ताडायला बेताने जावे. गॅमाला दाबून ठेवणाऱ्या बीसीएल-११ए या जनुकाचा सुगावा २००७-०८ मध्ये लागला, तो हजारो माणसांचा डीएनए ताडून पाहिल्यामुळे. त्यावर आधारलेल्या जनुक-संपादनाच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतील त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे, हे कुहीत सांगितले की हशा पिकतो.

वर्गात ल्युसिफरेज आणता येणार नाही. बटाटा मात्र आणता येतो. बटाट्याच्या रसात कॅटालेज हे विकर असते. ते हायड्रोजन पेरॉक्साइड मोडून ऑक्सिजन सोडते आणि फेस येतो. किसलेला बटाटा फडक्यातून पिळून रस काढावा. औषधाच्या दुकानातील सहा टक्क्यांचे पेरॉक्साइड तेवढेच पाणी घालून सौम्य करावे. ते डोळ्यांत जाऊ देऊ नये, मुलांनी हात धुवावेत. पहिल्या नळीत रस आणि पेरॉक्साइड. दुसरीत उकळून गार केलेला रस. फेस येत नाही, म्हणजे द्युब्वांच्या प्रयोगाची निम्मी बाजू झाली. तिसरीत रस निम्मा, उरलेले पाणी; फेस कमी. येथपर्यंत फेसाची उंची हा विश्वासू वार्ताहर. आता चौथ्या नळीत तिसरीइतकाच निम्मा रस घ्यावा, पण भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब टाकावा, मग पेरॉक्साइड. आमच्या वर्गात या नळीचा फेस पूर्ण रसाच्या पहिल्या नळीपेक्षा उंच गेला आणि बराच वेळ उभा राहिला. रस न घालता नुसता साबण व पेरॉक्साइड अशी पाचवी नळीही हवी. ती शांत राहते. म्हणजे साबण स्वतः फेस काढत नाही, विकर वाढवत नाही, फक्त बुडबुडे फुटू देत नाही. कोठीला पत्रा ठोकला तो असा.

फळ्यावर औषधाच्या जागी 'साबण' लिहून मी विचारले की साबणाने कॅटालेजचे काम वाढवले असा निबंध छापायचा का. अर्धा वर्ग 'हो' म्हणाला. मग त्या विद्यार्थिनीने नळीला बूच बसवून रबरी नळीवाटे वायू पाण्यावर उपड्या धरलेल्या मोजपात्रात गोळा करायचे सुचवले. तसे केले तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या नळीचा वायू जवळजवळ सारखा भरला. बूच बसवायला दोन-तीन सेकंद उशीर झाला तरी थोडा वायू निसटतो, म्हणून एक मुलगा पेरॉक्साइड ओतणारा आणि दुसरा बूच धरून तयार, अशी जोडी ठेवावी. रसही ताजा हवा, तासाभराने त्याचे आकडे घसरतात. तिच्या वहीतील तक्त्याच्या शिरोभागी आधी 'बटाट्यातील विकर' असे लिहिलेले होते. ते खोडून तिने 'फेसाची उंची, सेंमी' असे केले आहे आणि शेजारी 'वायू, मिली' असा नवा रकाना आखला आहे.